उसन्या निशाणाखालीं

माणूस आपल्या धन्याशीं एकनिष्ठ कां राहतो, हा प्रश्न पूर्वीं फारसा कोणी विचारीत नसे. खाल्ल्या मिठाला जागावें, एवढ्यांत त्याचें उत्तर संपे; आणि ज्याचें मीठ खाल्लें तो धनी कोण, याविषयीं शंका घेण्याचें कारणच नसे. पेशव्यांच्या पदरचा शिलेदार असो कीं कंपनी सरकारच्या पलटणींतला शिपाई असो, मीठ कोणाचें हें त्याला पक्कें ठाऊक होतें. अलीकडे मात्र असा एक नोकर जगांत निर्माण झाला आहे कीं, त्याच्या बाबतींत हें जुनें उत्तर लागू पडत नाहीं. तो नोकर एका सरकारचा, हुकूम मानतो दुसऱ्याच संस्थेचा, राखण करतो तिसऱ्याच देशांतल्या लोकांची. आणि हें सारें साधारणपणें एका वर्षापुरतें. संयुक्त राष्ट्रसंघाच्या वतीनें परदेशीं जाणारा शांतिरक्षक पोलीस तो हा. त्याच्या बाहीवर स्वतःच्या देशाचा झेंडा असतो आणि डोक्यावर साऱ्या जगाची निळी टोपी. यानें मीठ कोणाचें खाल्लें म्हणावें?

यावर आमच्या शेजारच्या निवृत्त बँक-अधिकाऱ्यांपाशीं उत्तर तयार असतें. “अहो प्रोफेसरसाहेब, मीठबीठ कांहीं नाहीं, डॉलर!” असें म्हणून ते वर्तमानपत्राची घडी करतात आणि विषय संपला असें समजतात. त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ आहे असें नाहीं. आमच्या इकडल्या एखाद्या फौजदाराला परदेशांतल्या एका वर्षाच्या भत्त्यांत घराच्या कर्जाचा बराचसा भार हलका करतां येतो, मुलीच्या शिक्षणाची तरतूद करतां येते. आणि संसारी माणसानें असा विचार करूं नये असें म्हणण्याचा अधिकार, पेपर तपासण्याचें मानधन कधींहि न नाकारणाऱ्या आम्हां प्राध्यापकांना तर मुळींच नाहीं. परंतु पैशाचा हा हिशेब जरा खोलांत जाऊन पाहिला म्हणजे वाटतो तितका तो सरळ नाहीं असें दिसून येतें.

राष्ट्रसंघाकडे पोलीस जातात ते दोन रीतींनीं. कांहीं अधिकारी सुटे जातात. कांहीं वेळां शेंसव्वाशें माणसांची अखंड तुकडी जाते. सुट्या अधिकाऱ्याला राष्ट्रसंघ निर्वाहभत्ता स्वतः देतो, आणि एका मोहिमेंत तो सर्वांना सारखा असतो, मग अधिकारी नॉर्वेचा असो वा नेपाळचा. जो भत्ता नॉर्वेच्या माणसाला जेमतेम वाटतो तोच नेपाळच्या माणसाला घबाड वाटतो. तुकडीची गोष्ट निराळी. तिच्याबद्दल राष्ट्रसंघ माणशीं दरमहा एक ठराविक रक्कम त्या त्या सरकारला देतो (२०१८ सालीं ती १,४२८ डॉलर ठरली) आणि त्यांतलें शिपायाच्या हातीं किती पडावें हें त्याचें सरकार ठरवितें. म्हणजे एकाच उन्हांत, एकाच रस्त्यावर उभे असलेल्या तीन पोलिसांच्या लेखीं मोबदल्याचा अर्थ तीन प्रकारचा! डॉलर हेंच जर निष्ठेचें मूळ असतें, तर नॉर्वेचा माणूस सर्वांत आळशी निघावा आणि नेपाळचा सर्वांत उद्योगी. परंतु अनुभव असा कांहीं ठराविक नियम दाखवीत नाहीं.

पैशानें निष्ठा उत्पन्न होत नाहीं. पैशाच्या वांटणींतल्या अन्यायानें ती नष्ट मात्र खात्रीनें होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत सॅम्युएल स्टाऊफर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकन शिपायांच्या मनाची मोठी पाहणी केली आणि ती १९४९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत एक चमत्कारिक गोष्ट आढळली. विमानदलांत बढत्या भराभर मिळत, लष्करी पोलिसांत त्या फार सावकाश मिळत. तरी बढतीबद्दलची कुरकूर अधिक विमानदलांत आणि समाधान अधिक पोलिसांत! शेजारच्या खाटेवरचा सोबती जेथें रोज वर चढतो तेथें न चढलेल्याला आपण मागें राहिलों असें वाटतें. जेथें सहसा कोणीच चढत नाहीं तेथें कोणाला कांहीं वाटत नाहीं. माणूस आपलें पान पाहून तृप्त होत नाहीं, शेजारच्या पानावर काय वाढलें आहे तें पाहून तृप्त वा रुष्ट होतो. आमच्या लग्नाच्या पंगतींना हें स्टाऊफरसाहेबांच्या कितीतरी आधीं ठाऊक होतें.

नोकराच्या निष्ठेचें शास्त्र आतां बरेंच पुढें गेलें आहे. १९९१ सालीं कॅनडांतील जॉन मेयर व नॅटली ॲलन या दोन मानसशास्त्रज्ञांनीं तिच्या तीन जाती सांगितल्या, आणि व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांतून त्या अजून शिकवितात. पहिली जिव्हाळ्याची: माणूस राहतो, कारण त्याला राहावेंसें वाटतें. दुसरी हिशेबाची: माणूस राहतो, कारण सोडून गेल्यास नुकसान होईल. तिसरी ऋणाची: माणूस राहतो, कारण राहणें आपलें कर्तव्य आहे असें त्याला वाटतें. एकाच मनांत या तिघी सवती कमीअधिक प्रेमानें नांदत असतात. बँकेचा कारकून, शाळेचा मास्तर, गिरणींतला जॉबर यांना ही विभागणी चांगली लागू पडते. परंतु शांतिरक्षक पोलिसाला ती लावूं गेल्यास तिन्ही खण रिकामे निघूं लागतात! हिशेब म्हणावा तर वर्षभरानें त्याला घरीं जावयाचेंच आहे. सोडून जाण्याचें नुकसान कसलें? ऋण म्हणावें तर तें आपल्या देशाचें, आपल्या खात्याचें. आणि जिव्हाळा म्हणावा तर राष्ट्रसंघ नांवाचा कोणी गृहस्थ त्याला कधीं भेटलेलाच नसतो. राष्ट्रसंघाशीं त्याची पहिली गांठ पडते ती इंग्रजी भाषा, मोटार हांकणें व नेमबाजी या तीन परीक्षांच्या रूपानें. पुढें गांठ पडते ती नमुना-पत्रकांच्या रूपानें. परीक्षा आणि पत्रकें यांच्यावर जीव जडलेला मनुष्य आम्हीं तरी तीस वर्षांच्या नोकरींत पाहिला नाहीं.

असें असूनहि यांतले बरेच लोक काम चांगलें करतात. मग त्यांची निष्ठा येते कोठून?

एडवर्ड शिल्स व मॉरिस जॅनोविट्झ यांनीं १९४८ सालीं जर्मन सैन्याविषयीं असाच प्रश्न विचारला होता. पराभव डोळ्यांपुढें दिसत असतां तें सैन्य इतके दिवस चिवटपणें कां लढलें? नाझी तत्त्वज्ञानावरची श्रद्धा हें त्यांना त्याचें मुख्य कारण आढळलें नाहीं. आढळली ती आपल्या तुकडींतल्या सोबत्यांना सोडून जावयाचें नाहीं ही साधी भावना. ती एका दुष्ट राजवटीच्या कामीं आली हें दुर्दैव; पण ती खरी होती.

ही भावना पाहण्यास जर्मनीस जावयास नको. आमच्या पुण्यांत अनंतचतुर्दशीची मिरवणूक चोवीस तासांहून अधिक काळ चालते, आणि तिच्या बंदोबस्ताला बाहेरच्या जिल्ह्यांतून पोलीस आणावे लागतात. एका वर्षीं उत्तररात्रीं अलका टॉकीजच्या चौकांत असाच एक पाहुणा शिपाई आम्हांला भेटला. चौकाचें नांवहि त्याला नीट माहीत नव्हतें. “काका, हें संपतं केव्हां?” असें त्यानें काकुळतीनें विचारलें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं, असें आम्हीं सांगितलें तेव्हां त्यानें आमच्याकडे असें पाहिलें कीं जणूं मिरवणूक आम्हींच काढली होती. “मग जरा बसून घ्या,” असें आम्ही म्हणालों. त्यावर तो म्हणाला, “जोडीदार जेवायला गेलाय. तो येईस्तोवर हलतां येत नाहीं.” गणपतीसाठीं नव्हे, पुण्यासाठीं नव्हे, आयुक्तांसाठींहि नव्हे, तो उभा होता तो जेवावयास गेलेल्या जोडीदारासाठीं.

अर्थात् तो चौक त्याच्याच राज्यांतला होता आणि भाषा त्याचीच होती. जेथें भाषाहि परकी आणि भांडणहि परकें तेथें काय होतें, याचें एक मोठें उदाहरण आमच्या कोल्हापूरकडच्या एका सेनानीनें घालून दिलें आहे. शंकरराव थोरात यांचें तें कोरियांतलें काम. तें सैन्य होतें, पोलीस नव्हेत, हें खरें. परंतु त्याच्याकडे सोंपविलेलें काम लढण्याचें नव्हतें, राखणदाराचें होतें.

२७ जुलै १९५३ रोजीं कोरियांत युद्धविराम झाला, पण एक प्रश्न तसाच राहिला. मायदेशीं परत जाण्यास नकार देणारे बावीस हजारांवर चिनी व कोरियन युद्धकैदी एका पक्षाच्या ताब्यांत होते. दुसऱ्या पक्षाच्या ताब्यांत असेच ३५९ होते. त्यांच्या मनाचा खरा कल काय, हें ठरविण्यासाठीं पांच तटस्थ राष्ट्रांचें मंडळ नेमलें गेलें. त्याचें अध्यक्षपद भारताचे जनरल तिमय्या यांच्याकडे आलें, आणि कैदी सांभाळण्यासाठीं सुमारें सहा हजारांचें भारतीय दल थोरातांच्या हाताखालीं तिकडे गेलें. स्वागत असें झालें कीं दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनीं या दलाला आपल्या भूमीवर पाऊल ठेवूं देण्याचें नाकारलें. म्हणून जहाजावरून हेलिकॉप्टरांत बसवून शिपायांना थेट सीमेवरच्या निःशस्त्र पट्ट्यांत उतरवावें लागलें. तेथें त्यांनीं आपल्या छावणीला ‘हिंदनगर’ असें नांव दिलें.

या लोकांची स्थिति मनांत आणून पाहावी. समोर शत्रु नाहीं, त्यामुळें विजय नाहीं. दोन्ही पक्ष संशयानें पाहणारे. कुंपणाच्या आंत कैद्यांच्या पुढाऱ्यांचें राज्य. ते रोज घोषणा देणार, दगड फेंकणार. बंदूक हातांत, पण शक्य तों ती चालवावयाची नाहीं. अशांत सप्टेंबर महिन्यांत ग्रेवाल नांवाच्या एका मेजरांना कैद्यांनीं आंत ओढून ओलीस धरलें. थोरात स्वतः त्या कुंपणाच्या आंत गेले, कैद्यांच्या पुढाऱ्यांशीं बोलले, आणि गोळी न झाडतां आपला माणूस सोडवून बाहेर आले. पुढें कांहीं प्रसंगीं गोळीबारहि करावा लागला. तें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु सहा हजार शिपायांनीं हें काम महिनोन्महिने कां निभावलें याचें उत्तर शोधावयाचें झाल्यास तें तटस्थतेवरच्या व्याख्यानांत शोधूं नये. सेनापति त्या दिवशीं कुंपणाच्या कोणत्या बाजूला होता तें पाहावें. दुसरीहि एक गोष्ट येथें सांगावीशी वाटते. तिमय्या आणि थोरात यांची ओळख कांहीं कोरियांत झालेली नव्हती. १९४५ च्या जानेवारींत ब्रह्मदेशांतल्या कांगॉच्या लढाईंत हे दोघे आणि एल्. पी. सेन असे तिघे भारतीय अधिकारी आपापल्या पलटणींचे प्रमुख म्हणून शेजारीं शेजारीं लढले होते. वरचीं माणसें एकमेकांच्या शब्दावर विसंबतात हें खालच्या शिपायाला न सांगतां कळतें. तीं विसंबत नाहींत हें तर त्याहूनहि लवकर कळतें.

१९५४ च्या फेब्रुवारींत हें दल परतलें तेव्हां कोणत्याच पक्षाकडे जाऊं न इच्छिणारे ८८ कैदी त्याच्याबरोबर हिंदुस्थानांत आले. त्यांना तटस्थ देश हवा होता, आणि त्यांतले बरेच पुढें दक्षिण अमेरिकेंत गेले. तरीहि ज्यांच्या पहाऱ्यांत आपण बंदी होतों त्यांच्याच जहाजांतून अनोळखी मुलुखाला निघण्यास माणूस तयार होतो, यांत त्या पहारेकऱ्यांच्या वागणुकीची कांहींतरी साक्ष आहे असें आम्ही मानतों.

तिमय्यांचें उरलेलें आयुष्यहि याच कामाशीं जडलेलें राहिलें. १९६४ सालीं सायप्रस बेटावर राष्ट्रसंघाची मोहीम सुरू झाली, आणि तींत सैन्याबरोबर निरनिराळ्या देशांच्या पोलिसांचेंहि दल होतें. त्या मोहिमेचे सेनापति असतांच १९६५ च्या डिसेंबरांत तिमय्या तेथें वारले. त्यानंतर नामिबिया, कंबोडिया, बोस्निया, कोसोव्हो असे पोलिसांचे मुक्काम वाढत गेले, आणि त्यांत आपलेहि पोलीस होते.

या मुक्कामांपैकीं बोस्निया आणि कोसोव्हो यांची तुलना मोठी बोधप्रद आहे. बोस्नियांत १९९५ च्या तहानंतर जे आंतरराष्ट्रीय पोलीस गेले ते निःशस्त्र होते, आणि त्यांना अटकेचा अधिकार नव्हता. तेथल्या पोलिसांवर लक्ष ठेवावयाचें, सल्ला द्यावयाचा, अहवाल लिहावयाचा, एवढेंच त्यांचें काम. कोसोव्होंत १९९९ नंतर गेलेल्यांना मात्र खऱ्या पोलिसाचे सर्व अधिकार होते: तपास, अटक, सारें कांहीं. ज्या माणसानें आपल्या गांवीं वीस वर्षें चोर पकडले त्याच्यापुढें चोर उभा करून, “याची वहींत नोंद करा,” असें सांगणें ही निष्ठेची कठीण परीक्षा आहे. परीक्षेच्या दालनांत पर्यवेक्षक नेमावा, मांडीवर चिठ्ठी ठेवून उत्तरें उतरविणारा विद्यार्थी त्याला दिसावा, आणि त्यानें केवळ सायंकाळीं अहवाल द्यावा असा नियम असावा. मग तो पर्यवेक्षक तिसऱ्या दिवशीं खिडकींतून बाहेर पाहूं लागला तर दोष कोणाचा? आळस म्हणून ज्याला नांवें ठेवतात तो पुष्कळदां निरर्थक कामाचाच परिणाम असतो.

आमचा एक जुना विद्यार्थी पोलीस खात्यांत आहे. तो सुटा अधिकारी म्हणून एक वर्ष दक्षिण सुदानांत काढून आला, आणि परत आल्यावर एका रविवारीं आमच्याकडे आला होता. २०११ सालीं स्वतंत्र झालेल्या त्या देशांत २०१३ च्या डिसेंबरांत यादवी पेटली, आणि जिवाच्या भीतीनें हजारों माणसें राष्ट्रसंघाच्या तळांच्या कुंपणांत येऊन राहिलीं. तळाला लागून अशा वस्त्या वसल्या, आणि त्यांची राखण पोलिसांकडे आली. आमचा विद्यार्थी अशा एका वस्तींत गस्त घालीत असे.

पहिले दोन महिने आपण दिनदर्शिकेवर फुल्या मारण्यांत घालविले, असें त्यानें सरळ सांगितलें. मग हळूहळू फुल्या मारण्याचें विसरून गेलें. कशामुळें, असें आम्हीं खोदून विचारलें. आम्हांला वाटलें होतें कीं तो मानवतेविषयीं कांहीं बोलेल. तो बोलला तें रात्रपाळीच्या यादीविषयीं! दर आठवड्याला फलकावर पाळ्यांची यादी लागत असे, आणि तींत रात्रपाळीच्या रकान्यांत त्यांच्या प्रमुखाचें नांव इतरांच्या बरोबरीनें असे. “सर, यादींत वशिला नव्हता,” असें तो म्हणाला. आणि आमच्या सौभाग्यवतींनीं आणलेले पोहे बाजूला ठेवून त्यानें तें वाक्य पुन्हा एकदां म्हटलें. दुसरी गोष्ट पाण्याच्या नळाची. वस्तींत सकाळीं नळावर रांग लागे, भांडणें होत, आणि भांडण वाढून कधीं कोणाच्या घराण्यावर, कधीं जमातीवर जाई. तेथें उभें राहण्याचें काम याच्याकडे आलें. रांगेंतली एक म्हातारी त्याला ‘इंडिया’ म्हणून हांक मारी, आणि निघतांना रोज मोडक्या इंग्रजींत विचारी, “इंडिया, उद्यां तूंच ना?” एके दिवशीं त्याला ताप होता तरी तो गेला. राष्ट्रसंघाला त्या दिवशीं त्याची गैरहजेरी कळलीहि नसती. म्हातारीला कळली असती.

अखंड तुकडीच्या बाबतींत हेंच बळ कितीतरी वाढतें, कारण तेथें जोडीदार, भाषा, स्वयंपाकघर हीं सारीं घरूनच बरोबर गेलेलीं असतात. लायबेरिया हें याचें ठळक उदाहरण. पश्चिम आफ्रिकेंतला हा लहान देश १९८९ पासून २००३ पर्यंत दोन यादवी युद्धांत होरपळून निघाला होता. २००७ च्या जानेवारींत त्याच्या राजधानींत, मन्रोव्हियांत, भारताच्या केंद्रीय राखीव पोलीस दलाची एक तुकडी उतरली. या दलाचें एक केंद्र आमच्या शेजारीं तळेगांव दाभाड्यास आहे, त्यामुळें त्याचें नांव पुणेकरांना परकें नाहीं. सुमारें सव्वाशें माणसें. पण त्यांतले मोटार हांकणारे, स्वयंपाक करणारे असे थोडे पुरुष वगळले तर बाकी साऱ्या स्त्रिया. केवळ स्त्रियांची अशी तुकडी राष्ट्रसंघाच्या कोणत्याहि मोहिमेवर तोंपर्यंत गेली नव्हती. राष्ट्राध्यक्ष एलेन जॉन्सन सर्लीफ यांच्या कार्यालयाचा पहारा, रात्रीची गस्त, जमाव आवरणें हें त्यांचें नेमलेलें काम. न नेमलेलें कामहि त्यांनीं अंगावर घेतलें: शेजारच्या शाळेची काळजी वाहिली, तेथल्या मुलींना स्वसंरक्षणाचे धडे दिले. दरवर्षीं जुनी तुकडी परत येई व नवी जाई. असें नऊ वर्षें चाललें, आणि २०१६ च्या फेब्रुवारींत शेवटची तुकडी परतली. राष्ट्रसंघाच्या आंकड्यांप्रमाणें लायबेरियाच्या सुरक्षा-दलांत स्त्रियांचें प्रमाण या नऊ वर्षांत शेंकडा ६ वरून १७ वर गेलें. याचें सारें श्रेय आमच्या बायकांना द्यावें असें आम्ही म्हणत नाहीं. त्या देशाच्या सरकारनेंहि भरतीसाठीं स्वतंत्र खटपट केली होती. पण नाक्यावर बंदूक घेऊन उभी असलेली बाई रोज दिसणें आणि तिच्याविषयीं भिंतीवर चिकटविलेलें पत्रक वाचणें, यांत फरक आहे.

यांतल्या कित्येक जणी लेंकुरवाळ्या होत्या. मूल आजीजवळ किंवा सासूजवळ ठेवून हरयाणांतली वा बिहारांतली एक हवालदारीण आफ्रिकेंत वर्ष काढते, तेव्हां तिचें मन कामांत राहील कीं घरीं राहील? आमचा तर्क असा कीं तें दोन्हीकडे राहतें, आणि घरचा फोन नीट लागला तर कामांत अधिक राहतें. शांतिरक्षकांची निष्ठा वाढविण्याविषयीं मोठमोठे ग्रंथ लिहिणाऱ्यांनीं टेलिफोनला एक प्रकरण अवश्य द्यावें.

मात्र येथें आम्हां पुणेकरांना एक जुनी गोष्ट आठवल्यावांचून राहत नाहीं. परका गणवेश दारांत उभा राहणें म्हणजे काय, हें या शहरानें एकदां अनुभविलें आहे. १८९७ च्या प्लेगमध्यें पेठापेठांतून गोरे सोल्जर घरोघर शिरले, तेंहि कागदोपत्रीं लोकांचे प्राण वांचविण्यासाठींच. रोगी हुडकावयाचे, त्यांना इस्पितळांत हलवावयाचें, घरच्यांना छावणींत न्यावयाचें, घर धुऊन काढावयाचें. प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँडसाहेब कामांत कसूर करीत असत, अशी तक्रार कोणीच केली नाहीं.  तक्रार होती ती बूट घालून स्वयंपाकघरांत जाण्याची, देवघरांत हात घालण्याची, बायकामाणसांच्या तपासणीची. त्या वर्षाच्या २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झालें तें वाचकांना ठाऊक आहे. आम्ही त्या खुनाचें मंडन करीत नाहीं. आमचा मुद्दा निराळा आहे. मेयर व ॲलन यांची प्रश्नावली जर त्या कमिटीच्या नोकरांकडून भरून घेतली असती, तर पैकीच्या पैकी गुण मिळाले असते! धन्याशीं असलेली निष्ठा तेथें भरपूर होती. नव्हती ती नळावरच्या म्हातारीशीं.

म्हणून शांतिरक्षकाच्या निष्ठेचा विचार करतांना ‘किती’ याआधीं ‘कोणाशीं’ हें विचारलें पाहिजे असें आम्हांला वाटतें. सोबत्यांशीं असलेल्या निष्ठेनें शिपाई जागेवर उभा राहतो हें खरें. पण तीच निष्ठा सोबत्याचें पाप झांकावयासहि लावते. बोस्नियांत कॅथरीन बोल्कोव्हॅक नांवाची एक अमेरिकन पोलीस स्त्री होती. अमेरिकेचे तेथले पोलीस एका खासगी कंपनीमार्फत नेमलेले असत. शरीरविक्रयासाठीं पळवून आणलेल्या मुलींच्या व्यापारांत आंतरराष्ट्रीय पथकांतलींच कांहीं माणसें गुंतलीं आहेत, असें तिनें वरिष्ठांना लिहून कळविलें, आणि तिची नोकरी गेली. २००२ सालीं ब्रिटनमधील न्यायाधिकरणानें तिला अन्यायानें काढलें असा निर्णय दिला. कंपनीच्या दृष्टीनें ती निष्ठाहीन ठरली होती. पण निळ्या टोपीला कांहीं अर्थ असेल, तर त्या छावणींत तो तिलाच कळला होता.

राहतां राहिली घरची गोष्ट, आणि आमच्या मतें सर्वांत दुर्लक्षित तीच. वर्ष संपवून मनुष्य आपल्या खात्यांत परत येतो तेव्हां तेथें काय होतें? आमच्या विद्यार्थ्याला जें भेटलें तें सर्वत्र भेटतें असें आम्ही म्हणत नाहीं. नाना देशांच्या पोलिसांबरोबर काम करतांना गर्दी आवरण्याच्या, निर्वासितांशीं बोलण्याच्या ज्या रीती त्यानें पाहिल्या, त्यांवर त्यानें चौदा पानांचें एक टिपण लिहून वरिष्ठांना सादर केलें होतें. त्याची पोंच आली; उत्तर आलें नाहीं. कचेरींतल्या सोबत्यांनीं पहिला प्रश्न विचारला तो, “किती आणले?” दुसरा प्रश्न कोणी विचारला नाहीं. त्याच्या बरोबरीचे दोघेजण वर्षभर साहेबांच्या डोळ्यांसमोर राहिल्यानें चांगल्या जागीं गेले होते. हा मात्र जेथें जागा रिकामी होती तेथें गेला. स्टाऊफरसाहेबांची पंगत पुन्हा आठवते. परदेशीं असलेल्या पोलिसाचे डोळे असे सतत घरच्या पानाकडे लागलेले असतात, आणि पुढच्या खेपेला जाणारा पोलीस मागच्या खेपेहून आलेल्याच्या तोंडाकडे पाहत असतो. लायबेरियाला नऊ वर्षें नव्या नव्या तुकड्या जात राहिल्या, त्या आधींच्या जणी परत येऊन काय सांगत होत्या यावरहि अवलंबून असणारच.

हें सारें सांगून झाल्यावर आम्हीं त्या विद्यार्थ्याला विचारलें, “मग आतां पुरे झालें ना?” तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानें सांगितलें कीं पुन्हा अर्ज करण्याचा विचार आहे, परंतु इंग्रजीच्या परीक्षेंत या वेळीं ऐकून लिहिण्याचा भाग कठीण जाईल असें वाटतें. ऐकलेलें टिपून घेण्याचा सराव करण्यास एखादें पुस्तक असेल तर द्या. आम्हीं कपाटांतून एक काढून दिलें. त्यानें त्याच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनें तारीख घातली, आणि पोहे संपवून तो गेला. त्याला आतां चार महिने झाले. पुस्तक अद्याप परत आलेलें नाहीं.